पुसलेल्या सीमा, उरलेली मतं : पोलंडविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पोलंडच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर मी थोडक्यात लिहिलं होतं. १ जून २०२५ च्या दुसऱ्या फेरीत कारोल नाव्रोत्स्की यांना ५०.८९ टक्के आणि वॉर्साचे महापौर राफाऊ त्शास्कोव्स्की यांना ४९.११ टक्के मतं मिळाली. फरक साधारण ३ लाख ७० हजार मतांचा. या निकालाचा नकाशा रंगवला तर शंभर वर्षांपूर्वी मिटलेल्या साम्राज्यांच्या सीमा त्यात दिसतात, असं एक वाक्य मी ओघात लिहून गेले होते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, शहापूर अशी सगळी आपल्याच बेळगाव सीमाभागातली पत्रं आहेत. सीमा म्हटल्यावर आपले कान का टवकारतात, हे मला कुणी सांगायला नको.

बाई, सप्रेम नमस्कार. जी सीमा पुसून शंभर वर्षं झाली ती आजच्या मतदानात कशी दिसेल? त्या वेळचं आज कोणी हयात नाही. हा योगायोग तर नसेल? (एक वाचक, खानापूर)

योगायोग नाही. पण दिसतं तितकं ते सरळही नाही. आधी सीमा कुठल्या ते सांगते. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड गिळला. पुढची १२३ वर्षं पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. पोलिश माणसं होती, भाषा होती, चर्च होतं. फक्त राज्य तिघांचं होतं. पश्चिमेला पोझनानच्या बाजूला प्रशियाचं, म्हणजे पुढे जर्मनीचं. दक्षिणेला क्राकूफ आणि ल्वूफच्या (आज युक्रेनमधलं ल्विव) बाजूला ऑस्ट्रियाचं, त्या प्रांताला गालिसिया म्हणत. मधला आणि पूर्वेचा भाग, वॉर्सा, लुब्लिन, वूच, रशियाच्या झारचा. १९१७-१८ मध्ये तिन्ही साम्राज्यं कोसळली आणि १९१८ साली पोलंड पुन्हा उभा राहिला.

आता आजचे पक्ष. यारोस्वाव काचिन्स्की यांचा ‘कायदा आणि न्याय’ पक्ष चर्चला, राष्ट्राभिमानाला धरून चालतो आणि सामान्य घरांना थेट सरकारी मदत देतो. डोनाल्ड टुस्क यांची ‘नागरी आघाडी’ उदारमतवादी आहे, युरोपीय संघाला जवळची आहे. नाव्रोत्स्की पहिल्या पक्षाच्या पाठिंब्यावर जिंकले, त्शास्कोव्स्की दुसऱ्या पक्षाचे. ढोबळ मानाने पूर्व आणि दक्षिण-पूर्व काचिन्स्कींच्या पक्षाकडे, पश्चिम आणि उत्तर टुस्क यांच्याकडे. आग्नेय कोपऱ्यातल्या पोद्कार्पाचे प्रांतात नाव्रोत्स्की यांना सुमारे ७० टक्के मतं आहेत. २०२० साली याच पक्षाच्या पाठिंब्यावर त्शास्कोव्स्कींना हरवून अध्यक्ष झालेल्या आंद्रेय दुदा यांनाही तिथे जवळपास तेवढीच होती.

हा कोपरा जुन्या गालिसियातला. तिथे काय झालं ते जरा थांबून बघू या. १८६० च्या दशकानंतर ऑस्ट्रियाच्या बादशहाने गालिसियाला बरीच स्वायत्तता दिली. शाळेत पोलिश, कचेरीत पोलिश, क्राकूफ आणि ल्वूफच्या विद्यापीठांत पोलिश. बादशहा कॅथलिक, प्रजेतले पोलिशही कॅथलिक, त्यामुळे चर्चवर सरकारची वक्रदृष्टी नव्हती. गावचा पाद्री उघडपणे पोलिश देशाभिमान शिकवू शकत होता. गरिबी मात्र भयंकर. बाप वारला की जमीन मुलांत वाटली जायची, नातवांत पुन्हा. शेवटी शेताची पट्टी अशी अरुंद की गाडी वळवायला जागा नाही, असं ज्यांच्या गावात आहे त्यांना मी वेगळं काय सांगू. हजारो लोक पोट भरायला अमेरिकेला गेले. पण जे राहिले ते त्याच गावात, त्याच चर्चच्या सावलीत, त्याच पट्ट्या धरून राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट सरकारने सामुदायिक शेती लादायचा प्रयत्न केला तोही १९५६ नंतर सोडून द्यावा लागला. म्हणून तिथे आजही घर, शेत आणि चर्च यांची गाठ सुटलेली नाही. रविवारी चर्चला जाणाऱ्यांचं प्रमाण सगळ्या पोलंडमध्ये तार्नूफच्या धर्मप्रांतात सर्वांत जास्त असतं, आणि तार्नूफ जुन्या गालिसियातच आहे.

प्रशियाच्या भागात उलटं घडलं. तिथे बिस्मार्कने कॅथलिक चर्चवर आणि पोलिश भाषेवर दोन्हीकडून दाब आणला. १८८६ साली पोलिश जमीनदारांच्या जमिनी विकत घेऊन त्यावर जर्मन शेतकरी बसवण्यासाठी सरकारी मंडळच नेमलं. १९०१ साली व्झेश्निया गावात शाळकरी मुलांनी धर्माचा धडा जर्मनमधून म्हणायला नकार दिला. मास्तरांनी मुलांना छड्यांनी फोडून काढलं. शाळेबाहेर आरडाओरडा करणाऱ्या आईबापांवरच खटले झाले, काहींना कैद झाली. मिखाऊ द्झिमावा नावाच्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर घर बांधायचा परवाना मिळेना, तर त्याने १९०४ च्या सुमारास चाकांची गाडी आणून तीत संसार थाटला. अशा राज्यात हत्यार उचलून फायदा नाही हे ओळखून पोझनानच्या पोलिश लोकांनी पतपेढ्या काढल्या, शेतकरी मंडळं काढली, वाचनालयं काढली, हिशेब शिकले. रेल्वेचं जाळंही जर्मनांनी दाट विणलं होतं. आजचा पोलंडचा रेल्वे नकाशा उघडलात तर निवडणुकीचा नकाशा न बघताही जुनी प्रशियन हद्द बोटाने दाखवता येईल.

रशियाच्या भागात १८३० आणि १८६३ ला उठाव झाले, दोन्ही चिरडले गेले. नंतर शाळा-कचेऱ्यांत रशियन आली, आणि वेठबिगारी सुटली ती १८६४ मध्ये, म्हणजे तिघांत सर्वांत उशिरा. सरकार म्हणजे परकं आणि शत्रू, ही भावना तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुरली.

चार पिढ्यांनंतर हे टिकतं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. २०१५ साली अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी जुन्या सीमेच्या अगदी जवळची, दोन्ही अंगांची गावं ताडून पाहिली. उत्पन्नात आता फारसा फरक उरलेला नाही. उरलंय ते असं : ऑस्ट्रियाच्या बाजूला धर्माचरण जास्त, प्रशियाच्या बाजूला रेल्वे जास्त. मला हे पटतं. ज्या गोष्टी घरात आणि गावात रोज पुन्हा घडतात त्या टिकतात. रविवारची प्रार्थना आई मुलीला शिकवते. रूळ एकदा टाकले की त्यावरून गाडी धावत राहते. बादशहा कोण होता हे नातवाला माहीतही नसतं.

आणि नकाशावर एकाच रंगात दिसणाऱ्या पश्चिम पोलंडमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा. पोझनान हा पोलिश वस्तीचा, पण प्रशियाने राज्य केलेला मुलूख. त्याच्याही पलीकडचे व्रोत्सवाफ आणि श्चेचिन १९४५ पर्यंत सरळ जर्मनीतच होते, वस्तीही जर्मन. तिथे आज राहणाऱ्यांच्या आज्यांनी प्रशियाचं राज्य पाहिलेलंच नाही. त्यांच्या मताचं मूळ प्रशियात शोधणं चूक आहे. ते पुढच्या पत्राच्या उत्तरात येईल.

बाई, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात युद्धकाळात पोलिश लोकांची छावणी होती असं वडील सांगायचे. ती माणसं कुठली? परत गेली का? (निवृत्त शिक्षक, निपाणी)

होय. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना सगळं त्यांचं त्यांनी उभं केलं होतं. कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे, आणि वॉर्सातही वळिवडे-कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी त्याला भेट दिली ती बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ठळक आली होती. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. निपाणीच्या किती घरांतले लग्नाचे बस्ते तिथे बांधले गेले असतील!

ही माणसं मूळची पूर्व पोलंडची. १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्वेचा भाग सोव्हिएत संघाने घेतला आणि १९४० - ४१ मध्ये तिथल्या लाखो पोलिश लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियाला, कझाकस्तानला नेलं. पुढे जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर स्टालिनने त्यांना सोडलं. पुरुष सैन्यात भरती झाले, बायका-मुलं इराणमार्गे जगभर विखुरली. त्यातली काही कोल्हापूरला पोचली.

परत जाण्याचा प्रश्न मात्र अवघड झाला. युद्ध संपलं तेव्हा त्यांचं गाव पोलंडमध्ये राहिलंच नव्हतं. १९४५ साली विजेत्यांनी अख्खा देश पश्चिमेला सरकवला. पूर्वेचे ल्वूफ आणि विल्नो (आजचं विल्निअस) सोव्हिएत संघाला, बदल्यात पश्चिमेचे जर्मन प्रांत पोलंडला. वळिवड्यातल्या बऱ्याच जणांनी इंग्लंड गाठलं, कोणी कॅनडाला, कोणी ऑस्ट्रेलियाला गेलं. थोडेच पोलंडला गेले.

पण त्यांच्याच मुलखातली जी माणसं मागे राहिली होती, त्यांना गुरंढोरं, भांडीकुंडी घेऊन पश्चिमेला हलवलं गेलं. जर्मन घालवून दिले होते, त्यांच्या घरांत ही माणसं उतरली. ल्वूफच्या विद्यापीठातले प्राध्यापक व्रोत्सवाफला आले, तिथल्या नामांकित ओसोलिन्स्की ग्रंथालयाचा काही भागही तिकडे आणला. शेजारी कोणी लुब्लिनकडचा, कोणी वॉर्साचा, कोणी १९४७ मध्ये आग्नेयेकडून सक्तीने उठवून आणलेला युक्रेनियन. गावाला जुनं चर्च होतं पण ते जर्मन प्रोटेस्टंटांचं. कबरस्तानातल्या पाट्या परक्या भाषेतल्या. ज्याला वाडवडिलांचं घर म्हणावं असं कुणाकडे काहीच नाही.

या भागात जर्मन जमीनदारांच्या मोठ्या इस्टेटी होत्या, त्यावर सरकारने सरकारी शेतीफार्म उभे केले. १९९० नंतर ते एका झटक्यात बंद पडले आणि मजूर रस्त्यावर आले. अशा ठिकाणी चर्चची पकड ढिली आणि गावकीचा धाक कमी. नव्वदच्या दशकात हा भाग डाव्यांना मत देत असे, नंतर टुस्क यांच्या पक्षाकडे वळला. २०२० मध्ये पश्चिमेच्या लुबुश प्रांतात त्शास्कोव्स्की ६० टक्क्यांच्या आसपास होते.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की पूर्वेहून उठवलेल्या कुटुंबांची नातवंडं इतर पोलिश लोकांपेक्षा जास्त शिकलेली आहेत. ज्यांची जमीन गेली त्यांनी पुढची कमाई पोरांच्या शिक्षणात घातली, कारण शिक्षण कुणाला हिसकावता येत नाही. गांधीनगरच्या सिंधी कुटुंबांना विचारा, तेही हेच सांगतील.

२०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत सर्वांत मोठा पक्ष काचिन्स्कींचा होता, मग टुस्क पंतप्रधान कसे? (विद्यार्थिनी, बेळगाव)

आकड्यांचा खेळ आहे. पोलंडच्या सेय्ममध्ये, म्हणजे त्यांच्या लोकसभेत, ४६० जागा, बहुमताला २३१. ‘कायदा आणि न्याय’ला ३५.४ टक्के मतं आणि १९४ जागा मिळाल्या, पण सोबती कोणी मिळेना. टुस्क यांच्या १५७, ‘तिसरा मार्ग’च्या ६५ आणि डाव्यांच्या २६ मिळून २४८ झाल्या. आपल्यासारखी एका मतदारसंघात एकच जण निवडून येण्याची पद्धत तिथे नाही. ४१ मोठे मतदारसंघ, प्रत्येकात अनेक जागा, आणि पक्षाला देशभरात किमान ५ टक्के मतं लागतात. त्यामुळे एखाद्या भागात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या पक्षालाही जागा मिळते.

त्या दिवशी मतदान ७४ टक्क्यांवर गेलं होतं. व्रोत्सवाफच्या यागोद्नो या नव्या वसाहतीत रांग इतकी लांब होती की रात्री नऊला दार बंद झाल्यावरही रांगेतल्यांना मत द्यायचं होतं, आणि शेवटचं मत पहाटे तीनच्या सुमारास पडलं. थंडीत उभ्या असलेल्यांना आसपासच्या लोकांनी पिझ्झा आणि गरम चहा आणून दिला. तुम्ही पहिल्यांदा मत देणार असाल, तर हे लक्षात राहू द्या.

पोलंडमध्येही ‘हा आपला नाही, तिकडचा आहे’ असा प्रचार होतो का? आमच्या गावात मराठी फलकावरून आणि भाषेवरून काय काय सोसावं लागलं ते तुम्हाला माहीत आहे. (एक वाचक, येळ्ळूर)

होतो, आणि सर्वांत गाजलेलं उदाहरण खुद्द टुस्क यांचं आहे. ते ग्दान्स्कचे, काशुब. काशुब हा बाल्टिक किनाऱ्याजवळचा समाज, त्यांची स्वतःची भाषा आहे. २००५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत प्रतिस्पर्धी गोटातून बातमी सोडली गेली की टुस्क यांचे आजोबा जर्मन सैन्यात होते. वॉर्सा किंवा लुब्लिनच्या माणसाच्या कानावर हे पडलं की त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं : गद्दार.

खरं काय होतं? आजोबा योझेफ टुस्क हे ग्दान्स्कमधले पोलिश अल्पसंख्याक. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मनांनी त्यांना पकडून छळछावणीत टाकलं. पुढे सुटका झाली आणि १९४४ मध्ये सक्तीने जर्मन गणवेश चढवला गेला, कारण तो भाग जर्मनीला जोडला होता आणि तिथल्या पुरुषांची सरसकट भरती होत होती. काही महिन्यांतच ते पश्चिमेकडच्या पोलिश सैन्यात जाऊन मिळाले. ग्दान्स्कच्या किनाऱ्यावर, नैर्ऋत्येच्या शिलेझिया भागात अशी कथा घरोघरी आहे. तिथे कुणाला तिचा धक्का बसला नाही. देशाच्या दुसऱ्या भागात मात्र तिने घाव घातला. ज्याने हे बोलून टाकलं त्याला पक्षाने काढलं, आणि थोड्या काळाने परतही घेतलं. टुस्क ती निवडणूक यारोस्वाव यांचे जुळे भाऊ लेख काचिन्स्की यांच्याकडून हरले, ४५.९६ विरुद्ध ५४.०४ टक्क्यांनी. केवळ आजोबांमुळे हरले असं मी म्हणणार नाही. पण सीमेवरच्या माणसाचा इतिहास आतल्या मुलखात किती सहज त्याच्याविरुद्ध वापरला जातो, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल?

मला यावर मनापासून राग येतो. सीमेवर राहणाऱ्याने आपण होऊन काही निवडलेलं नसतं. राज्यं त्याच्या अंगावरून गेलेली असतात. २०२४ मध्ये सेय्मने शिलेझियन भाषेला प्रादेशिक भाषेचा दर्जा देणारा कायदा मंजूर केला, आणि अध्यक्ष दुदा यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. आपली बोली कागदावर यावी एवढंच मागणाऱ्यांकडे तिथेही संशयाने पाहिलं जातं. येळ्ळूरच्या लोकांना मी याहून जास्त काय लिहू?

बाई, म्हणजे माझं मत माझ्या जन्माआधीच ठरलेलं आहे का? शहापूर सांगली संस्थानात होतं, शेजारचं बेळगाव ब्रिटिशांचं. आमचा नकाशाही तसा निघेल? (महाविद्यालयीन विद्यार्थी, शहापूर)

तुझ्या आजोबांना शहापुरातून बेळगावच्या बाजारात जाताना एका संस्थानातून इंग्रजी मुलखात पाऊल टाकावं लागे, हे खरं आहे. पण मला नाही वाटत आज त्या रेषेचा मतदानात माग निघेल. गालिसियासारखी वेगळी शाळा, वेगळं चर्च, वेगळी जमीनव्यवस्था तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालली नाही. बाजार एक, नातीगोती एक, यात्रा एक. सीमा नुसती असून चालत नाही, तिने रोजचं जगणं बदलायला हवं.

ज्या रेषेने आपलं जगणं बदललं ती १ नोव्हेंबर १९५६ ची. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, सासर बेळगावचं. त्या दिवसापर्यंत दोन्ही एकाच बेळगाव जिल्ह्यात, मुंबई राज्यात होती. चंदगड वगळून जिल्हा म्हैसूर राज्याला गेला. आज माझ्या भावाचा सातबारा मराठीत आहे आणि आमच्या घरचा उतारा कन्नडमध्ये. भावाच्या मुलांना नोकरीचा अर्ज मराठीत भरता येतो. माझ्या मुलाने कन्नड लिहायला शिकून घेतलं, चांगलं शिकला, त्याचा त्याला उपयोगही झाला. चंदगडची माणसं दवाखान्याला आणि बाजाराला अजून बेळगावलाच येतात. पण निवडणुकीत त्यांच्यासमोर वेगळे पक्ष आणि वेगळे प्रश्न. पोलंडमध्ये सीमा मिटली आणि सवयी उरल्या. आपल्याकडे सीमा आजही उभी आहे, सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा पडून आहे. त्यामुळे पोलंडचा साचा इथे जसाच्या तसा बसवता येत नाही.

तरी एक गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे. पोलंडच्या ओपोले भागात जर्मन अल्पसंख्याक राहतात. अल्पसंख्याकांच्या याद्यांना ५ टक्क्यांची अट माफ आहे. १९९१ साली त्यांचे ७ जण सेय्ममध्ये निवडून गेले. पुढे संख्या घसरत एकावर आली, आणि २०२३ मध्ये तीही जागा गेली. माणसं नाहीशी झाली नाहीत. तरुण मुलं जर्मनीला कामाला गेली, राहिलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी भाषेऐवजी रस्ता, भाव, पेन्शन बघून मत दिलं. आपल्याकडे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ मध्ये दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. पण मध्येच २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराने १ लाख १७ हजारांवर मतं घेतली. बरेचसे तेच मतदार, बरीचशी तीच गावं. मग फरक कशाचा? उमेदवार एक होता की तीन, मतदारसंघाची हद्द कशी आखली होती, समोर कोण होतं, त्या वर्षी कशाचा राग होता. याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

पोलंडमध्येही तसंच. क्राकूफ गालिसियाची राजधानीसारखं शहर, पण तिथे त्शास्कोव्स्की पुढे असतात. वॉर्सा आणि वूच रशियाच्या भागातली, तीही तिकडेच. २०१६ साली मुलामागे महिन्याला ५०० झ्लॉटी देण्याची योजना आली, २०२४ पासून ती ८०० ची झाली. निवृत्तीचं वय टुस्क यांच्या सरकारने ६७ वर नेलं होतं, ते काचिन्स्कींच्या पक्षाने पुन्हा खाली आणलं. गरीब गावातल्या आजीने यावरून मत दिलं तर त्यात बादशहाचं काय? २०२५ च्या पहिल्या फेरीत तरुणांमध्ये सर्वाधिक चाललेला उमेदवार या दोन्ही मोठ्या पक्षांचा नव्हताच. तेव्हा तुझं मत ठरलेलं नाही. तुझ्यापर्यंत कोणते प्रश्न सहज पोचतात आणि कोणते पोचतच नाहीत, एवढंच इतिहासाने ठरवलं आहे.

दहावीच्या मुलांना हे कसं दाखवू? (भूगोल शिक्षिका, खानापूर तालुका)

तीन ट्रेसिंग पेपर घ्या. पहिल्यावर आजच्या पोलंडची हद्द आणि फक्त दोन नद्या काढा, विस्तुला आणि ओडर. दुसऱ्यावर १९१४ च्या सीमा, तीन रंगांत. तिसऱ्यावर २०२५ चा निकाल, जिल्हावार. पोलंडचा निवडणूक आयोग गावपातळीपर्यंतचे आकडे संकेतस्थळावर ठेवतो. तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा.

मुलं ओरडतील, बाई जुळलं! त्यांना तिथे थांबू देऊ नका. पूर्वेच्या टोकाला, बेलारूसच्या सीमेला लागून हाय्नूफ्का आहे. चहूकडे काचिन्स्कींच्या पक्षाचा रंग, आणि मध्ये हा ठिपका वेगळा. मुलांना कारण शोधायला सांगा. तिथे बेलारूसी मुळाचे, ऑर्थोडॉक्स पंथाचे लोक राहतात. कॅथलिक राष्ट्राच्या नावाने मागितलेलं मत ते कशाला देतील? ज्या मुलाला हे स्वतःहून सुचेल, त्याला पुढच्या तासाला चंदगड आणि खानापूरचा नकाशा द्या.